फोल्डर हलवू नका, रंग बदला

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात म्हापशाला नकाशे आणि बांधकाम परवान्यांचं काम करणारं तिघांचं ऑफिस. तीन विंडोज मशीन, एक सामायिक ड्राइव्ह, त्यावर चारशेच्या वर फोल्डर. सगळे पिवळे, सगळे सारखे. कुठलं काम पंचायतीत पडून आहे आणि कुठलं आपल्याच टेबलावर राहिलंय, हे बघायला एकेक फोल्डर उघडावा लागतो. तालुक्याप्रमाणे रंग दिले तर सोपं होईल का, आणि ते करायचं कसं?

रंग जरूर द्या, पण तालुक्याला देऊ नका. गोव्यात तालुके बारा आहेत. बारा रंग डोळ्याला वेगळे कळत नाहीत, आकाशी आणि फिकट निळा यांत महिन्याभरात घोटाळा होतो. शिवाय तालुका कधी बदलत नाही. जी गोष्ट बदलत नाही ती नावात लिहावी. रंग राखून ठेवावा तो बदलणाऱ्या गोष्टीसाठी, म्हणजे काम आत्ता कोणाच्या हातात आहे यासाठी. नाव कायमचं, जागा कायमची, बदलतो तो फक्त रंग. पुढचं सगळं याच एका नियमावर उभं आहे.

बहुतेक ऑफिसांत अवस्था दाखवायला ‘चालू कामं’, ‘पंचायतीत’, ‘झालेली कामं’ असे मोठे फोल्डर करतात आणि कामाचा फोल्डर एकातून दुसऱ्यात ओढत राहतात. कागदाच्या फायलींना हे चालतं, कॅडच्या, म्हणजे संगणकावर काढलेल्या नकाशांच्या फायलींना नाही. नकाशात बाहेरून जोडलेली फाईल, म्हणजे एक्सरेफ, ती कुठे आहे याचा मार्ग लिहून ठेवते. ऑटोकॅडच्या २०१८ च्या आवृत्तीपासून नवीन एक्सरेफ आपोआप सापेक्ष मार्गाने, म्हणजे नकाशा आहे तिथून मोजलेल्या मार्गाने जोडले जातात, त्यामुळे कामाच्या फोल्डरच्या आतल्या आत जोडलेलं सगळं फोल्डरबरोबर सुखरूप जातं. पण ऑफिसचा टायटल ब्लॉक, म्हणजे नकाशावरची नाव-क्रमांकाची चौकट, तुम्ही सगळ्या नकाशांना एकाच सामायिक फोल्डरातून जोडला असेल, तर त्याचा मार्ग ‘इतक्या पायऱ्या वर जा, मग तिकडे वळ’ असा असतो. कामाची जागा बदलताना वाटेत एक पायरी जरी वाढली, तरी टायटल ब्लॉक गायब होतो. हे लक्षात येतं ते वर्षाभराने, सुधारित नकाशा काढायला बसल्यावर. शॉर्टकटचंही तसंच. मूळ फोल्डर हलला तर स्वतःच्या मशीनवर विंडोज कधी कधी शोधून काढतं, सामायिक ड्राइव्हवर बहुधा नाही.

आता नाव. कामाच्या फोल्डरला चार गोष्टी पुरतात: वर्ष आणि तीन आकडी अनुक्रमांक, गाव, सर्व्हे नंबर, मालकाचं आडनाव. म्हणजे असं:

२०२५-०१७ हळदोणे ४५_२-ए नाईक

आडनावाने सुरुवात करू नका. आपल्या बार्देश तालुक्यात नाईक किती आणि डिसोझा किती, हे तुम्हाला सांगायला नको. अनुक्रमांक तीनच आकडी ठेवा, ००१ पासून. विंडोजची खिडकी २ नंतर १० असा शहाणा क्रम लावते, पण झिप उघडणारी आणि फाईल पाठवणारी अनेक साधनं १, १०, २ असाच लावतात. आकडे कीबोर्डच्या वरच्या ओळीतून येतात तेच टाका. इथे मी देवनागरीत लिहिले आहेत, पण काही नावांत एक तऱ्हा आणि काहींत दुसरी झाली तर शोधताना अर्धी कामं सापडणार नाहीत.

सर्व्हे नंबरातली तिरकी रेघ फोल्डरच्या नावात चालत नाही. विंडोजला दोन्ही तिरक्या रेघा, विसर्गासारखे दोन टिंब, तारका, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, दोन्ही टोकदार कंस आणि उभी रेघ ही नऊ चिन्हं वर्ज्य आहेत. मग कोणी ४५-२ लिहितं, कोणी ४५.२, कोणी नुसतं ४५ २. पोटहिश्श्याला आधीच आडवी रेघ असते, ४५/२-ए अशी. म्हणून तिरक्या रेघेच्या जागी खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर घ्या आणि तिघांनीही तोच नियम पाळा. एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्याकडचा सात-बारा, समोर धरून नंबर टाइप करा, पक्षकाराने फोनवर सांगितला तो नको.

गावाच्या नावात आपल्याकडे एक खास फसगत आहे. रोमन लिपीत लिहायचं तर हळदोण्याचं आल्दोना, शिवोलीचं सिओलिम, उसकईचं उकासाइम होतं. एकाने मराठी उच्चाराप्रमाणे स्पेलिंग केलं आणि दुसऱ्याने उताऱ्यावरचं, तर एकाच घराचे दोन फोल्डर तयार होतात आणि परवाना एकात, नकाशा दुसऱ्यात. तुमचं काम ज्या गावांत चालतं त्या तीस-चाळीस नावांची एकच यादी करा, छापून भिंतीला लावा, आणि त्यातलंच लेखन वापरा. लिपी कुठलीही घ्या, पण एकच. देवनागरी घेतलीत तर युनिकोडच हवी. जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटात टाइप केलेलं फोल्डरच्या नावात निरर्थक अक्षरं होऊन येतं.

देवनागरी घेणाऱ्यांनी लांबीचाही हिशेब ठेवावा. विंडोजमधल्या बऱ्याच प्रोग्रामना ड्राइव्हच्या अक्षरापासून फाईलच्या शेपटापर्यंतचा पूर्ण मार्ग २६० अक्षरांच्या आत लागतो, आणि त्यात प्रत्येक काना-मात्रा वेगळी मोजली जाते. ‘हळदोणे’ दिसायला चार अक्षरं, मोजायला सहा. सामायिक ड्राइव्ह लिनक्सवर चालणाऱ्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या पेटीवर असेल तर एका नावाला सहसा २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीच्या दर चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एका नावात ८५ चिन्हं. ‘माननीय सरपंच यांना दिलेल्या पत्राची’ अशी लांबलचक नावं स्कॅनला दिलीत, तर कॉपी करताना नेमक्या त्याच फाईल मागे राहतात.

कामाच्या फोल्डरच्या आत सात-आठच कप्पे, सगळ्या कामांत तेच, त्याच आकड्यांनी:

०१ जमिनीचे कागद
०२ मोजणी
०३ नकाशे
०४ परवाने
०५ पत्रव्यवहार
०६ फोटो
०७ बिलं
९९ जुने

पहिल्यात उतारा, विक्रीखत, सनद. चौथ्यात नगरनियोजन, आरोग्य केंद्र, पंचायत या सगळ्यांचं. त्यांचे वेगळे पोटफोल्डर करू नका, फाईलच्या नावात आधी तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली की आपोआप क्रम लागतो. नव्व्याण्णवात रद्द झालेले नकाशे. नकाशाच्या नावात ‘अंतिम’ हा शब्द वर्ज्य ठेवा, कारण त्याच्यामागून ‘अंतिम नवीन’ येतोच. आर०, आर१, आर२ असे अंक द्या आणि तिसऱ्या कप्प्यात एकाच वेळी एकच, चालू आवृत्ती ठेवा. कप्पा रिकामा असला तरी पुसू नका. ०४ नेहमी तिथेच असतो हे हाताला माहीत झालं की वाचावं लागत नाही. रंगाइतकाच जागेचाही डोळ्याला उपयोग होतो.

आता रंग. चार पुरे, त्यातला एक फुकटचा.

साधा पिवळा म्हणजे काम आपल्या टेबलावर. याला काही करायचं नाही. निळा म्हणजे चेंडू दुसऱ्याच्या अंगणात: पंचायत, नगरनियोजन, मोजणीवाला किंवा खुद्द पक्षकार. लाल म्हणजे क्वेरी, सरकारी कार्यालयाने काढलेली शंका, आलेली आहे आणि उत्तराला मुदत आहे. करडा म्हणजे संपलं, बिलसुद्धा मिळालं. पाचवा रंग घालायचा मोह होईल, ‘पैसे बाकी’साठी. घालू नका. एका फोल्डरला एकच रंग देता येतो, आणि काम पंचायतीतही असतं नि पैसेही बाकी असतात. पैशांची नोंद वहीत किंवा शीटमध्येच बरी.

दोन अटी मात्र कडक पाळा. निळा करायचा तर पुरावा आधी आत गेला पाहिजे: आवक क्रमांक पडलेल्या पोचपावतीचा स्कॅन ०४ मध्ये, पक्षकाराकडे असेल तर त्याला पाठवलेला निरोप ०५ मध्ये. नाहीतर ‘दिलंय बहुतेक’ एवढ्यावर फोल्डर निळा होतो आणि कागद प्रत्यक्षात स्कूटरच्या डिकीत असतो. दुसरी अट, लाल फोल्डरला तारीख हवीच. ती कुठे लिहायची ते पुढे येतं.

रंग देण्याची विंडोजची स्वतःची रीत अशी. फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइझ, खाली चेंज आयकॉन, मग ब्राउझ करून आयको फाईल (आयकॉनच्या चित्राची फाईल) निवडायची, ओके, पुन्हा ओके. मागे काय घडतं तेही समजून घ्या, कारण बिघाड सगळे तिथेच होतात. विंडोज त्या फोल्डरात डेस्कटॉप डॉट आयएनआय नावाची लपलेली फाईल टाकतं. तिच्यात आयकॉनचा पत्ता असतो. फोल्डरला रीड-ओन्लीची खूणही लागते. त्याने आत सेव्ह करायला अडत नाही, ‘ही लपलेली फाईल वाच’ एवढाच त्या खुणेचा अर्थ आहे.

म्हणजे रंग फोल्डरात नसतो, फक्त पत्ता असतो. तुम्ही आयकॉन तुमच्या डाउनलोड्समधून निवडलात तर तो तुमच्याच मशीनवर दिसेल, इतर दोघांना नाही. उपाय सोपा: तीन आयको फाईल तिन्ही मशीनवर अगदी एकाच जागी ठेवा, सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘चिन्हे’ नावाचा फोल्डर करून. पत्ता सगळीकडे जुळतो, आणि आयकॉन जवळच असल्यामुळे दोनशे फोल्डरांची खिडकी उघडायलाही वेळ लागत नाही. नवीन मशीन आलं की आधी तो फोल्डर कॉपी करायचा. घरी लॅपटॉपवर काम नेत असाल तर त्यावरही.

आयको फाईल करताना एकाच फाईलमध्ये १६, ३२, ४८ आणि २५६ पिक्सेल असे चारही आकार भरा. नुसता मोठा आकार भरलात तर यादीच्या दृश्यात विंडोज तो दाबून लहान करतं आणि चित्राचा चिखल होतो. रंगाबरोबर एक ठळक खूणही काढा: निळ्यावर बाण, लालवर उद्गारचिन्ह, करड्यावर बरोबरची खूण. लाल-हिरव्याच्या गटातले रंग वेगळे न दिसणारे पुरुष आपल्या समजुतीपेक्षा बरेच असतात, आणि दुपारी खिडकीतून ऊन स्क्रीनवर आलं की चांगल्या डोळ्यांनाही निळा आणि करडा सारखाच. खूण १६ पिक्सेलला ओळखू येते का ते बघूनच पक्की करा. त्या आकारात अक्षरं वाचता येत नाहीत.

प्रत्येक वेळी सात क्लिक करायला कोणी टिकत नाही. उजव्या क्लिकच्या यादीत रंग आणून देणारी साधनं आहेत, फोल्डर मार्कर आणि फोल्डर पेंटर ही त्यातली दोन. तीही मागे तीच लपलेली फाईल लिहितात, तेव्हा पत्त्याची अट त्यांनाही लागू: तिन्ही मशीनवर एकाच मार्गावर बसवा. फोल्डर मार्करमध्ये आयकॉन फोल्डराच्या आतच ठेवायची सोय आहे, पेन ड्राइव्हवरून काम कोणाला द्यायचं असेल तेव्हा ती उपयोगी पडते.

बिघाड कुठले येतात? रंग दिला पण दिसत नाही: एफ५ दाबा, नाहीतर साइन आउट करून परत या, विंडोजने जुना आयकॉन साठवून ठेवलेला असतो. नॅसवर किंवा बॅकअपमधून परत आणलेल्या फोल्डरांचे रंग गेले: लपलेली फाईल आली पण फोल्डरवरची खूण वाटेत गळली, चेंज आयकॉनमध्ये जाऊन तोच आयकॉन पुन्हा द्या. कोणीतरी ‘या नको असलेल्या फाईली’ म्हणून डेस्कटॉप डॉट आयएनआय पुसून टाकल्या: फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘संरक्षित सिस्टिम फाईल लपवा’ ही खूण तिन्ही मशीनवर चालू ठेवा, म्हणजे त्या दिसणारच नाहीत. आणि सगळ्यात नेहमीची चूक: जुन्या कामाचा फोल्डर कॉपी करून नवीन काम सुरू केलं. रंगही कॉपी होतो, आणि नवीन काम जन्मतःच करडं. कोरे कप्पे असलेला ‘_नमुना’ फोल्डर ठेवा आणि कॉपी त्याचीच करा. नावाच्या आधीच्या खालच्या रेघेमुळे तो सगळ्यांच्या वर बसतो.

गूगल ड्राइव्हमध्ये ब्राउझरवर दिलेला रंग विंडोजच्या खिडकीत येत नाही, म्हणून दोन्हीकडे रंगवत बसू नका. मॅक असेल तर सात रंगांचे टॅग तयारच आहेत, एका फोल्डराला एकाहून जास्त लावता येतात. नावात इमोजी टाकायची कल्पना गोंडस वाटते, पण अवस्था बदलली की नाव बदलावं लागतं, आणि मघाशी सांगितलेलं शॉर्टकटचं दुखणं परत येतं.

आता लालची तारीख. कामाच्या फोल्डरचं नाव बदलायचं नाही, पण शॉर्टकटचं नाव कितीही वेळा बदला, काही तुटत नाही. सामायिक ड्राइव्हवर ‘_टेबल’ असा एक फोल्डर करा. ऑल्ट दाबून कामाचा फोल्डर त्यात ओढलात की शॉर्टकट तयार होतो. त्याचं नाव असं ठेवा:

०६-१२ हळदोणे ४५_२-ए सेटबॅकच्या क्वेरीचं उत्तर

आधी महिना, मग दिवस. नावाने क्रम लावला की जवळची मुदत वर येते. वर्षाच्या शेवटी जानेवारीचं काम वर उडी मारतं, तेव्हा डिसेंबरात सगळ्या नावांच्या सुरुवातीला वर्ष लावा. टेबलावर पंधराच्या वर शॉर्टकट झाले तर ते टेबल राहिलं नाही, पुन्हा कोठार झालं. उत्तर दिलं, पावती ०४ मध्ये गेली, फोल्डर निळा केला, की शॉर्टकट पुसा. मूळ फोल्डर जागेवरच असतो. नव्या मुलाला हे एकदा करून दाखवा, नाहीतर तो घाबरून काहीच पुसणार नाही, किंवा शॉर्टकट समजून मूळ फोल्डर पुसेल. शॉर्टकटच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण असतो तो बघायला सांगा.

‘_टेबल’ तिन्ही मशीनवर क्विक अॅक्सेसला पिन करा. कामांच्या मुख्य फोल्डरचं दृश्य मध्यम आयकॉनचं ठेवा, कंट्रोल-शिफ्ट-३. रंग एका नजरेत दिसतात. नाव शोधायचं असेल तेव्हा कंट्रोल-शिफ्ट-६ ने तपशिलाची यादी. आतल्या कप्प्यांना तपशीलच बरा.

‘तारखेप्रमाणे क्रम लावला की चालू कामं वर येतील’ यावर मात्र विसंबू नका. फोल्डरची सुधारणेची तारीख त्याच्या थेट पोटातली गोष्ट आली, गेली किंवा तिचं नाव बदललं तरच बदलते. तुम्ही ०३ मधला नकाशा रोज सेव्ह करा, बाहेरच्या कामाच्या फोल्डरवर जुनीच तारीख राहील.

फोटोंसाठी एक निराळी सोय आहे. त्याच कस्टमाइझच्या पानावर ‘चूझ फाईल’ने फोल्डरावर चित्र लावता येतं. ०६ च्या आत दर भेटीचा पोटफोल्डर असेल तर त्यावर त्या दिवसाचा समोरून काढलेला फोटो लावा; प्लिंथ झाली होती की स्लॅब, ते न उघडता कळतं. कामाच्या मुख्य फोल्डरवर हे करू नका, कारण आयकॉन बदललेला असला की चित्र दिसत नाही. दोन्हींतलं एकच मिळतं.

डेस्कटॉपवर खरी फाईल एकही नको. तिथली फाईल त्या एका मशीनच्या सी ड्राइव्हवर असते, सामायिक बॅकअपमध्ये येत नाही, आणि पहिल्या पावसात विजेचा लपंडाव सुरू झाला की तीच आधी जाते. मे संपायच्या आत यूपीएसची बॅटरी तपासा, आणि बॅकअपची बाहेरची डिस्क काम झालं की केबल काढून ठेवा.

राहिले ते चारशे जुने फोल्डर. सगळे लावत बसलात तर महिना जाईल आणि तिसऱ्या दिवशी सोडून द्याल. आधी कागदावर चालू कामांची यादी करा, वहीतून आणि फोनमधून, पंचवीस-तीस निघतील. तेवढ्यांनाच नवीन नाव, नवीन कप्पे, रंग. एका कामाला दहा मिनिटं धरा. त्यांचे एक्सरेफ नावबदलानंतर एकदाच तुटतील, तेव्हा प्रत्येक नकाशा उघडून मार्ग सापेक्ष करून घ्या. पूर्ण ऑटोकॅडबरोबर रेफरन्स मॅनेजर येतो, त्यातून अनेक फाईलींचे मार्ग एकदम सुधारता येतात. ऑटोकॅडच्या एलटी या स्वस्त आवृत्तीत तो नाही, तिथे हातानेच करावं लागतं. बाकीचे आहेत तिथेच, आहेत त्या नावाने राहू द्या. त्यातलं एखादं काम परत उगवलं, पक्षकार वरचा मजला घ्यायला आला, तर त्या दिवशी त्याला नवीन अनुक्रमांक देऊन नव्या रांगेत आणा.

शनिवारी संध्याकाळी ऑफिस बंद करायच्या आधी पंधरा मिनिटं तिघांनी एका स्क्रीनसमोर बसा. फक्त निळे फोल्डर बघायचे, एकेकाच्या ०४ मधली शेवटची पावती किती जुनी आहे ते. तीन आठवड्यांवर गेलेली असेल तर सोमवारी कोण विचारायला जाणार ते ठरवून शॉर्टकट टेबलावर टाकायचा. चवथीच्या सुटीआधीच्या शनिवारी मात्र अर्धा तास ठेवा, कारण त्यानंतरच्या आठवड्यात टेबलापलीकडचा माणूस जागेवर भेटेलच असं नाही.